वाफसा मोजायचा कसा?



पाऊस उघडून दोन-तीन दिवस झाले की आपला शेतकरी सकाळीच शेतात जातो. वाकून मूठभर माती उचलतो, तळहातावर दाबतो आणि अंगठ्याने मोडून पाहतो. माती बोटांना चिकटून राहिली तर मुकाट्याने परत फिरतो. लाडू वळला आणि जरा दाबताच अलगद फुटला, की घरी येऊन सांगतो, "वाफसा आलाय, उद्या पाभर काढा." काही भागांत यालाच 'घात आली' असे म्हणतात. शब्द कोणताही वापरा, अर्थ एकच. मातीच्या कणांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून गेलेले आहे, तेथे हवा शिरली आहे, आणि बारीक पोकळ्यांत मात्र पाणी धरून ठेवलेले आहे. मुळांना पाणीही हवे आणि श्वासही हवा. दोन्ही एकाच वेळी मिळण्याची ती अवस्था म्हणजे वाफसा.

ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि पेरणीपुरती ती उत्तम आहे. पण तिची एक मर्यादा आहे. हात सांगतो तो वरच्या चार बोटांचा ओलावा. उसाची बहुतेक मुळे दीड-दोन फुटांपर्यंत पसरलेली असतात, आणि फळझाडांची त्याहूनही खाली जातात. वरची माती भुरभुरीत झाली म्हणून आपण पाटाचे पाणी सोडतो, तेव्हा खाली दीड फुटावर काय परिस्थिती आहे हे आपल्याला ठाऊक नसते. हल्ली शेतात खांब रोवून, जमिनीत कांड्या पुरून मातीचा ओलावा मोजण्याची जी यंत्रे आली आहेत, ज्यांना सगळे जण सेन्सर म्हणतात, ती मुख्यतः या न दिसणाऱ्या दीड फुटासाठी आहेत. त्यांच्याकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याविषयी आज बोलायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, थोडे पाणी जास्त झाले तर बिघडले कुठे? पाणी म्हणजे जीवन! याचे उत्तर पुणे जिल्ह्यातच मिळते, आणि ते शंभर वर्षांहून जुने आहे.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात बारामती-इंदापूरकडचा मुलूख होरपळून निघाला. पुढे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि ज्या रानात बाजरीची खात्री नव्हती तेथे ऊस उभा राहिला. कालव्याने माणसे जगवली, यात शंका नाही. पण पंचवीस वर्षांच्या आत त्याच खोऱ्यातल्या काही जमिनींवर पांढरे मीठ फुटू लागले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने तो पुस्तिकारूपाने छापला. म्हणजे दुखणे तेव्हाच ओळखले गेले होते.

हे दुखणे होते कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपली काळी माती अतिशय बारीक कणांची आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. एकदा फुगल्यावर तिच्यातून पाणी खाली उतरते ते फार सावकाश. पिकाने घेतले त्यापेक्षा जास्त पाणी दर पाळीला दिले, तर उरलेले पाणी खाली साचते आणि जमिनीतली पाण्याची पातळी वर्षागणिक वर चढते. ती मुळांच्या जवळ आली की दिव्यातले तेल वातीतून चढावे तसे पाणी बारीक पोकळ्यांतून वर ओढले जाते. उन्हाने पाणी उडून जाते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते वरच्या थरातच राहतात. पहिल्या काही वर्षांत कुणाला पत्ता लागत नाही. मग एके वर्षी सखल कोपऱ्यातला ऊस पिवळा पडतो, पुढच्या वर्षी तेथे उगवणच विरळ होते, आणि त्यानंतर तो कोपरा पडीक म्हणून सोडून द्यावा लागतो. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड जमिनीचा प्रश्न आजही किती मोठा आहे, हे तिकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून साचलेले पाणी बाहेर काढण्याची कामे झाली आणि जमिनी पुन्हा पिकू लागल्या. पण तो खर्च सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. जे पाणी द्यायलाच नको होते, ते देऊन झाल्यावर बाहेर काढण्याचा तो खर्च!

म्हणून माझे मत असे की ओलावा मोजण्याच्या यंत्राचा पहिला उपयोग पाणी केव्हा द्यावे हे सांगण्याचा नव्हे. केव्हा देऊ नये हे सांगण्याचा आहे.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी प्रयोगशाळेतल्या माती-परीक्षणाविषयी थोडे बोलतो, कारण मोजमापाची पहिली ओळख आपल्याला तेथेच होते. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. या पत्रिकेवर १२ गोष्टींची नोंद असते: नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन ही सूक्ष्मद्रव्ये, शिवाय सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका पुष्कळांच्या घरी आहे, बहुधा पेटीत. ती बाहेर काढा आणि सामू व क्षारता या दोन ओळी आधी वाचा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सामू साडेसात ते साडेआठ असणे नेहमीचेच आहे. तो साडेआठाच्या वर गेला तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी. क्षारतेचा आकडा १ च्या आत असेल तर काळजी नाही. तो दर खेपेला चढत असेल तर मात्र नीरा खोऱ्याची गोष्ट आठवावी.

पण या पत्रिकेत एक गोम आहे. योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत बागायती भागात अडीच हेक्टरांना एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक असा नमुना घेतला गेला. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांहून थोडे जास्त. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन आहे १.३४ हेक्टर. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचे असले तरी माती शेजाऱ्याच्या शेतातली असू शकते. पुढे २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येकाच्या शेतातून नमुना घेण्याचा प्रयोग झाला, तो योग्यच होता. तरीही ज्याला आपल्या शेताचा खरा आकडा हवा आहे, त्याने आपला नमुना स्वतः काढून प्रयोगशाळेत द्यावा.

आणि तो काढायचा कसा, याला फार महत्त्व आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या साडेसहा-पावणेसात इंच थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. त्यातली अर्धा किलो माती आपण पिशवीत घालतो आणि प्रयोगशाळा त्यातली काही ग्रॅमच वापरते. चूक होते ती बहुधा काचेच्या नळीत नव्हे. ती शेत आणि पिशवी यांच्या दरम्यान होते. मी स्वतः पहिल्यांदा नमुना काढला तेव्हा ऊन लागू नये म्हणून बांधावरच्या आंब्याखालची माती घेतली होती! वर्षानुवर्षे पालापाचोळा कुजलेली, गुरे बसलेली ती माती. अहवालात सेंद्रिय कर्ब असा काही आला की आम्ही सगळे खूष. तेव्हा झाडाखाली, बांधालगत, उकिरड्याच्या जागी, गुरे बांधतात तेथे, आणि नुकतेच खत टाकलेल्या जागी नमुना घेऊ नये. नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडावी, सगळी घमेल्यात एकत्र करावी, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे करत अर्धा किलो उरवावी. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र ती भरू नये.

आता शेत एकच असले तरी माती एकच असते का? मी भूगोल शिकवतो, म्हणून या प्रश्नाशी जरा रेंगाळतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडे उतारावर उभे राहून पाहा. माथ्यावर बरड, मुरमाड, वीतभर मातीची जमीन. मधल्या उतारावर मध्यम. आणि ओढ्याकाठी पुरुषभर खोल काळी. हजारो वर्षे पावसाने वरची बारीक माती खाली वाहून आणली, त्याचा हा परिणाम. सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे बसू आणि सिरूर या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींत खड्डे खणून, मातीचे थर एकाखाली एक तपासून त्यांचे प्रकार ठरवले. हेतू हाच, की कोणत्या मातीला किती पाणी सोसते हे कळावे.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत 'काटेकोर शेती' सुरू झाली, ती शेकडो एकरांच्या सलग शेतांवर. तेथे ट्रॅक्टरला उपग्रहाच्या खुणेने आपली जागा समजते आणि शेताच्या प्रत्येक भागात खत कमी-जास्त पडते. आपल्याकडे एकरभर शेतात हे कशाला, असे वाटेल. पण आपल्या एकरातच वरचा अर्धा मुरमाड आणि खालचा अर्धा काळा असतो, आणि दोन्हींना पाणी मात्र एकाच पाळीने, एकाच दाऱ्याने! वरच्या अर्ध्याला आणि खालच्या अर्ध्याला वेगळे मोजणे, वेगळे पाणी देणे, ही आपली काटेकोर शेती. तिची सुरुवात उपग्रहाने होत नाही. कागदावर शेताचा आराखडा काढून, कुठे नांगर अडतो आणि कुठे पाय रुततो, हे घरातल्या जाणत्याला विचारून लिहिण्याने होते.

आता यंत्रे. त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला टेन्शिओमीटर. पाण्याने भरलेली नळी, तिच्या तळाला कच्च्या भांड्यासारखी पाझरणारी चिनीमातीची टोपी, आणि वर दाब दाखवणारे घड्याळ. माती सुकू लागली की ती नळीतले पाणी टोपीतून ओढते आणि काटा सरकतो. मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतो, तेच हे यंत्र दाखवते. म्हणून मला ते आवडते. काटा दहाच्या खाली असेल तर माती पाण्याने तुडुंब आहे. दहा ते तीसच्या दरम्यान वाफसा, असे ढोबळ मानाने धरा. ऐंशीच्या आसपास त्याची धाव संपते, नळीत हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावे लागते.

दुसरा प्रकार विजेचा. खांबावरच्या पेटीला तारेने जोडलेल्या कांड्या असतात त्या बहुधा याच जातीच्या. विजेच्या क्षेत्रात प्रत्येक पदार्थाची वागणूक निराळी असते आणि ती एका अंकाने सांगता येते. हवेचा अंक १, कोरड्या मातीच्या कणांचा ३ ते ५, आणि पाण्याचा ८० च्या घरात. त्यामुळे मातीत थोडे जरी पाणी वाढले तरी एकूण अंक चटकन चढतो. १९८० साली कॅनडात टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंकावरून ओलावा काढण्याचे सूत्र मांडले, आणि पुढच्या पुष्कळ यंत्रांना त्याचा आधार मिळाला.

मात्र अशी सर्वसाधारण सूत्रे भारी काळ्या मातीला जशीच्या तशी लागू पडतील असे नाही. बारीक चिकण कण आणि क्षार हे दोन्ही आकडा फुगवतात. शिवाय ओलाव्याची टक्केवारी हीच मुळात फसवी आहे. खोल काळ्या जमिनीत २० टक्के ओलावा असूनही पीक माना टाकू लागते, कारण ते पाणी कणांनी घट्ट धरलेले असते. हलक्या जमिनीत तोच आकडा भरपूर ठरतो. म्हणून यंत्र विकायला येणाऱ्याने "अमुक टक्क्याला मोटर सुरू करा" असे सांगितले, तर त्याला आधी विचारावे, "कोणत्या मातीत?"

भेगांचा प्रश्न तर निराळाच. माझा एक जुना विद्यार्थी इंदापूरकडे आपली शेती पाहतो. दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या फोनवर सारखा इशारा येत होता, माती कोरडी, पाणी द्या. कालव्याचे आवर्तन चालू होते आणि हा दारे धरायला निघालाही होता. त्याची आई म्हणाली, "सर, ह्यो त्या खांबाला इचारून पानी देतोय. जरा कुदळ तरी मार म्हणावं." कुदळ मारली. हातभर खाली मातीचा लाडू वळत होता! मग कांडीजवळ खणून पाहिले, तर पावसाळ्यात पुरलेली ती कांडी आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी भेग पडलेली. यंत्र इमानदारीने मोजत होते, पण मोजत होते भेगेतली हवा. त्या दिवशी पाणी सोडले असते तर गरज नसताना अख्खी पाळी शेतात गेली असती. त्याने कांडी काढून दुसऱ्या जागी, मातीचा चिखल करून त्यात घट्ट बसवली, आणि दर महिन्याला तिच्या शेजारी एकदा कुदळ मारायची असे ठरवले.

कांडी बसवताना आणखी एक गोष्ट पाळावी. एक कांडी मुळांच्या गर्दीत, वीतभर खोल; आणि दुसरी मुळांच्या तळाशी, दीड-दोन फुटांवर. वरची सांगते पाणी हवे का. खालची सांगते पाणी वाया जाते का. प्रत्येक पाळीनंतर खालच्या कांडीचा आकडा चढत असेल, तर पाणी मुळांना ओलांडून चालले आहे, आणि त्याच्याबरोबर तुम्ही टाकलेल्या युरियातले नत्रही. पैसा वाचवायला म्हणून एकच कांडी घेणारा नेमका हाच फायदा गमावतो.

बाजारात काही हजारांत मिळणारी, जमिनीत खोचताच नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे दाखवणारी कांडीही आली आहे. तिच्याविषयी स्पष्टच बोलतो: त्या आकड्यांवर खताचा हिशेब करू नका. अशा कांड्या बहुधा मातीची विद्युतवाहकता मोजून बाकीचे आकडे अंदाजाने काढतात. स्फुरद किती आहे हे कळायला आज तरी मातीत रसायन घालून प्रयोगशाळेतच पाहावे लागते.

ज्या बारामतीच्या परिसरात १९१० पूर्वी मीठ फुटलेल्या जमिनी तपासल्या गेल्या, तेथेच आज या मोजमापाचा मोठा प्रयोग चालला आहे, हा मला मोठा योगायोग वाटतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने २०२४ मध्ये सुमारे एक हजार ऊस-शेतकऱ्यांबरोबर काम सुरू केले. उपग्रहाची चित्रे, हवामान आणि जमिनीतल्या सेन्सरचे आकडे एकत्र करून, पाणी व खत यांविषयीचा सल्ला फोनवर देतात. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनेही शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. उत्पन्न वाढल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मी त्यांत एवढेच जोडीन की उसाचे एक पीक आणि त्याचा खोडवा मिळून दोन-अडीच वर्षे जातात, आणि जमिनीची क्षारता कळायला त्याहून अधिक. त्या हजार शेतांत पाण्याची पातळी वर आली की खाली गेली, हा आकडा मला उत्पन्नाच्या आकड्याइतकाच पाहायचा आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. दीड-दोन एकरवाल्याने एकट्याने यंत्र घ्यावे असे मी म्हणणार नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावात एक रेडिओ, भोवती पंधरा-वीस माणसे, कार्यक्रम ऐकायचा आणि मग आपसांत चर्चा करायची. यंत्राचेही तसे करता येईल. एकाच कालव्याच्या चारीवर, एकाच प्रकारच्या मातीत असलेल्या आठ-दहा शेतकऱ्यांत दोन कांड्यांचा एक संच पुरतो. माती बदलली की मात्र दुसरा हवा.

येथे शिक्षकांची मदत मोलाची होईल. यंत्राचा आकडा पडताळण्याची रीत आठवीच्या मुलालाही जमते. कांडीच्या शेजारची, तेवढ्याच खोलीवरची माती डबीत घ्यावी आणि लगेच वजन करावे. मग ती १०५ अंश उष्णतेच्या भट्टीत चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करावे. डबीचे वजन वजा करून ओली माती १२० ग्रॅम आणि वाळलेली ९६ ग्रॅम भरली, तर पाणी २४ ग्रॅम. २४ भागिले ९६, म्हणजे २५ टक्के. हा वजनी ओलावा झाला. यंत्र बहुधा आकारमानावर टक्केवारी दाखवते, म्हणून दोन आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण ते एकाच दिशेने चढतात-उतरतात की नाही हे पाहावे. शाळेत भट्टी नसते. पत्र्यावर पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवली तरी थोडे पाणी राहून जाते, पण एका आठवड्याची दुसऱ्याशी तुलना करायला तेवढे चालते.

या नोंदींसाठी एक वही घालावी. तिच्यात तारीख, पाऊस किंवा पाण्याची पाळी, वरच्या कांडीचा आकडा, खालच्या कांडीचा आकडा, असे चार रकाने आखावेत. पाचवा रकाना मोठा ठेवावा. त्या दिवशी शेताच्या मालकाने माती हातात घेऊन काय सांगितले, ते मुलांनी त्याच्याच शब्दांत तेथे लिहावे.